ओल्या रंगाची दहा मिनिटं

मोटारीचा रंग किती जाड असतो? नव्या गाडीच्या बॉनेटवर, पत्र्यापासून वरच्या चकाकीपर्यंतचे सगळे थर मोजले तर साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की झाला गाडीचा रंग. एवढ्याशा जाडीत चार वेगळे थर असतात आणि चौघांची कामं निरनिराळी. सगळ्यात खालचा गंज अडवतो. त्याच्यावरचा पत्र्याचे बारीक उंचसखल भाग भरून काढतो. तिसरा रंग दाखवतो. चौथा पारदर्शक, तो ऊन, पाऊस, धूळ अंगावर घेतो आणि चमकतो. ‘काय सुंदर रंग आहे’ असं आपण ज्याच्याकडे बघून म्हणतो, तो तिसरा थर बहुधा या चौघांत सगळ्यात पातळ, जेमतेम १५ ते २० मायक्रॉनचा.

हे थर घरच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हातानं चढवता येतात. ब्रिटन-अमेरिकेत ही हौस जुनी आहे. तिथे घराला लागून बंद गॅरेज असतं आणि जुन्या गाडीवर जीव असलेली माणसं सुट्टीचे दिवस त्यात घालवतात. आपल्याकडे सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे करणं शक्य नाही, करूही नये. पण बंगल्यामागची शेड किंवा शेतावरचं मोकळं गोदाम हाताशी आहे आणि आजोबांची कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मोडीत काढायला मन धजत नाही, अशी माणसं आपल्याकडेही आहेत. गाडी डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या ताब्यात देणं केव्हाही सोपं. तरीही हे काम एकदा जवळून बघावं, जमलं तर एखाद्या सुट्या भागावर करून बघावं, असं मला मनापासून वाटतं. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र एकाच पत्र्यावर, डोळ्यांदेखत, एका दुपारीत घडताना दिसण्याच्या जागा फार थोड्या आहेत.

आधी कारखान्यात काय होतं ते पाहू. तिथे गाडीचा उघडा सांगाडा पाण्यात मिसळलेल्या प्राइमरच्या प्रचंड हौदात बुडवतात आणि वीज सोडतात. सांगाडा ऋण टोक होतो, रंगाचे धनभारित कण त्याच्याकडे ओढले जातात आणि पत्र्याला चिकटतात. जिथे थर बसला तिथे वीज वाहायला अडथळा येतो, म्हणून उरलेले कण अजून उघड्या असलेल्या जागांकडे वळतात. दाराच्या पोकळीत, चौकटीच्या नळ्यांत, जिथे कुणाचा हात कधी पोचणार नाही तिथेही ते जातात. थर साधारण २० मायक्रॉनचा झाला की वाढ आपोआप थांबते. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीनं ही पद्धत मोटारींसाठी रुळवली आणि सांगाडे आतून कुजण्याचं प्रमाण बदलून गेलं. हौदातून निघालेला सांगाडा भट्टीत जातो, १६० ते १८० अंशांत भाजला जातो. वरच्या थरांनाही साधारण १४० अंशांची भट्टी मिळते.

घरी हौदही नाही आणि भट्टीही नाही. असती तरी काय उपयोग? आसनं, वायरिंग, रबर, प्लास्टिक बसवलेली गाडी १४० अंशांत घालता येत नाही. म्हणून घरी रंगवणाऱ्यानं पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की मूळ कारखान्याचा तळचा थर शाबूत असेल तर तो उगाच घासून काढू नये. तसा थर पुन्हा मिळणार नाही. आणि दुसरी, भट्टीतल्या उष्णतेनं जो कठीणपणा येतो तो आता कुठून तरी दुसरीकडून आणावा लागणार. त्याची वाट रसायनशास्त्रानं काढली आहे. तिच्याकडे थोड्या वेळानं येऊ.

कामाचा मोठा भाग रंगाचा डबा उघडण्याच्या आधीच होतो. सुरुवात गंजापासून. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि ती जागा मिळवायला वरचा रंग उचलतो. मडगार्डच्या कडेला दिसणारा तो छोटा फुगा म्हणजे आतल्या मोठ्या पसाऱ्याचं टोक असतं. फुग्याभोवती बराच पुढपर्यंत घासत गेलं की काळपट रेषा संपून चकचकीत पत्रा लागतो. तिथे थांबायचं. त्यावर ताबडतोब, त्याच दिवशी, इपॉक्सी प्राइमर. आपल्या दमट हवेत उघड्या पत्र्यावर रात्रभरात पुन्हा गंजाची झाक चढते.

खड्डे भरायला पुट्टी. पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची भुकटी घोटलेली असते. तिच्यात हार्डनरची बारीकशी लकेर मिसळली की काही मिनिटांत हातातली पाटी कोमट लागते. रेणू एकमेकांना जोडले जात असताना सुटणारी ती उष्णता. हार्डनरला मुद्दाम लाल वगैरे रंग दिलेला असतो, म्हणजे मिश्रण एकजीव झालं की नाही ते रंगावरून कळावं. मला या तपशिलाचं फार कौतुक वाटतं; कुणीतरी काम करणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला आहे. पुट्टी पाणी पिते, म्हणून ती कोरडीच घासायची. पाणी लावून घासली तर ते पाणी आत राहतं आणि पुढे रंगाखाली फुगे काढतं.

आता प्राइमर चढवलेल्या बॉनेटकडे जवळून पाहू. करड्या, मंद पृष्ठभागावर सगळं सपाट दिसतं. अनुभवी कारागीर त्यावर लांबून काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारतो, मिरवणुकीत उडालेल्या बुक्क्याइतका. मग लाकडी किंवा रबरी ठोकळ्याला वॉटरपेपर गुंडाळून तिरप्या रेघांत घासत जातो. उंचवट्यांवरचा काळा रंग लगेच निघून जातो, खोलगट जागांत तो राहतो. क्षणापूर्वी सपाट वाटलेल्या बॉनेटवर काळ्या बेटांचा नकाशा उमटतो. ती बेटं नाहीशी होईपर्यंत घासायचं, आणि कुठे घासता घासता पत्रा उघडा पडला तर पुन्हा प्राइमर. मधूनमधून डोळे मिटून, पातळ सुती फडकं हाताखाली धरून, पूर्ण तळहात पृष्ठभागावरून फिरवायचा. डोळ्यांना न दिसलेली लाट हाताला लागते.

एवढा आटापिटा का, याचं उत्तर आरशाच्या नियमात आहे. पृष्ठभाग एका अंशानं कलला तर परावर्तित किरण दोन अंशांनी वळतो. प्राइमर मंद असतो, तो प्रकाश सगळीकडे विखुरतो, म्हणून त्याचे दोष झाकले जातात. वर चकाकी आली की प्रत्येक लाट दुपटीनं बोलते. ट्यूबलाइटचं सरळ प्रतिबिंब त्या जागी वाकडं होतं आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ते दिसतं.

या कामातल्या दोन अगदी साध्या वस्तू खास मोटारींच्या रंगकामासाठी सुधारल्या गेल्या, हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. पहिली वॉटरपेपर. शंभर वर्षांपूर्वी मोटारींचे रंग कोरडे घासले जात आणि त्या धुळीत कामगार दिवस काढत. अमेरिकेतल्या फ्रान्सिस ओकी या शाई बनवणाऱ्या माणसानं पाण्यात भिजूनही न सुटणारा घासकागद तयार केला. मिनेसोटातल्या थ्रीएम कंपनीनं त्याच्याकडून हक्क घेऊन १९२१ मध्ये तो बाजारात आणला. पाण्यामुळे धूळ उडेना आणि कागदही लवकर भरेना. दुसरी वस्तू मास्किंग टेप. याच कंपनीच्या प्रयोगशाळेतला रिचर्ड ड्र्यू हा तरुण घासकागदाचे नमुने घेऊन सेंट पॉल शहरातल्या गॅरेजांत जात असे. त्या काळी दोन रंगी गाड्यांची टूम होती. एक रंग झाकून दुसरा मारायला कारागीर कागद चिकटवत, आणि तो काढताना ताजा रंग सोलून निघे. त्यांचा वैताग ड्र्यूनं ऐकला. पुरेसं चिकटेल पण ओढल्यावर काही न उचलता सुटेल असा चिकट पट्टा बनवण्याच्या मागे तो लागला आणि १९२५ मध्ये चुणीदार कागदाची मास्किंग टेप तयार झाली. पुढे १९३० मध्ये पारदर्शक चिकटपट्टीही त्यानंच काढली. आज शाळकरी मुलाच्या दप्तरात जी चिकटपट्टी असते, तिचं मूळ मोटारीच्या रंगकामात आहे.

घासून झालं की धुवायचं, पुसायचं आणि एक परीक्षा घ्यायची. बॉनेटवर स्वच्छ पाणी ओतायचं. पाण्याचा अखंड पडदा पसरून राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. पडदा कुठे फाटला, पाणी थेंबाथेंबांत आकसलं, तर तिथे तेलाचा अंश आहे. बोटाचा एक ठसाही पुरतो. सगळ्यात वाईट सिलिकॉन, म्हणजे डॅशबोर्ड आणि टायर चमकवायच्या फवाऱ्यात असतं ते. त्याचा हवेतून आलेला सूक्ष्म अंशसुद्धा ओल्या रंगात गोल खळगी पाडतो. रंग तिथून मागे सरकतो आणि मध्ये प्राइमर दिसतो. म्हणून असा फवारा रंगकामाच्या शेडमध्ये आणूच नये.

मोटारी पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांचा रंगही बग्ग्यांसारखा ब्रशनं, तेलाच्या व्हार्निशनं होत असे. एक हात द्यायचा, वाळायची वाट बघायची, घासायचा, पुढचा हात. एकेका गाडीला आठवडेच्या आठवडे लागत. फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्याच निघाल्या. मग ड्यूपॉन्ट कंपनीनं नायट्रोसेल्युलोजचा ड्यूको आणला आणि जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर १९२४ च्या मॉडेलमध्ये तो निळ्या रंगात झळकला. नायट्रोसेल्युलोज म्हणजे ज्यापासून बिनधुराची बंदुकीची दारू आणि सिनेमाची जुनी रिळं बनत तोच पदार्थ. तो थिनरमध्ये विरघळतो. थिनर उडालं की थर कोरडा. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि रस्त्यावर रंग आले. आपल्याकडच्या फर्निचरवाल्यांच्या तोंडी ‘ड्यूको’ हे नाव अजून आहे.

पण इतक्या लवकर वाळणारा रंग ब्रशनं लावता येत नाही. ब्रश दुसऱ्यांदा फिरायच्या आत तो ओढू लागतो. त्यासाठी स्प्रे गन हवी, आणि तिचा उगम दवाखान्यात आहे. ओहायोतल्या टोलिडो गावच्या डॉ. ॲलन डेव्हिलबिस यांनी रुग्णांच्या घशात औषध फवारायला १८८० च्या दशकात एक फवारणी बनवली. त्यांचा मुलगा टॉम यानं तेच तत्त्व रंगाला लावलं.

गनच्या तोंडाशी काय होतं ते बघण्यासारखं आहे. मधल्या छिद्रातून रंगाची धार येते, भोवतीच्या छिद्रांतून हवा जोरात सुटते. हवा त्या धारेला ओढते, ताणते, तिचे धागे करते. धागा मात्र धागा म्हणून टिकू शकत नाही. पृष्ठताण सतत कमीत कमी पृष्ठभाग मागत असतो आणि त्यासाठी गोल थेंब हा सगळ्यात काटकसरीचा आकार, म्हणून प्रत्येक धागा आपोआप तुटून थेंबांची माळ होते. नळाची बारीक धार खाली जाता जाता थेंबांत तुटते, तेच इथे घडतं. आता हिशेब करा. एक लिटर रंगाचे ४० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर ते होतात सुमारे ३,००० कोटी. त्यांचा एकत्रित पृष्ठभाग १५० चौरस मीटर. डब्यात असताना हवेला भिडणारा रंग वाटीच्या तोंडाएवढा होता. गनपासून पत्र्यापर्यंतच्या वीतभर प्रवासात तो एका मोठ्या घराच्या फरशीएवढा होतो. साहजिकच थिनरचा बराच भाग वाटेतच उडून जातो. पत्र्यावर पोचतो तो रंग डब्यातल्या रंगापेक्षा दाट असतो.

आणि इथून ती दहा मिनिटं सुरू होतात.

लाखो थेंब एकमेकांवर पडून खडबडीत ओला थर तयार झाला आहे. तो सपाट व्हायला हवा. सपाट कोण करणार? पुन्हा पृष्ठताणच. उंचवटे खाली ओढायचं, खळगे भरायचं काम तो करतो, आणि रंगाचा दाटपणा त्याला विरोध करतो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑर्चर्ड या संशोधकानं याचं गणित मांडलं, आणि ते विलक्षण आहे. थराची जाडी दुप्पट केली तर सपाट होण्याचा वेग दुप्पट होत नाही, आठपट होतो. लाटांची रुंदी दुप्पट असेल तर त्या मिटायला दुप्पट नव्हे, सोळापट वेळ लागतो. म्हणून बारीक खरखर पाहता पाहता नाहीशी होते, पण काही मिलिमीटर रुंदीच्या लाटा तशाच गोठतात. ज्याला गॅरेजमध्ये ‘ऑरेंज पील’ म्हणतात ती हीच संत्र्याच्या सालीसारखी चकाकी. आता जवळजवळ कुठलीही गाडी उन्हात तिरपी बघा, दाराच्या खालच्या भागात ती दिसेल.

मग थर जाडच द्यावा की! द्यावा, पण उभ्या दारावर गुरुत्वाकर्षण वाट बघत असतं. ओला रंग खाली वाहण्याचं प्रमाणही जाडीच्या घनानंच वाढतं. जाडी दुप्पट, ओघळ आठपट. ज्या गोष्टीनं रंग आरशासारखा सपाट होतो, त्याच गोष्टीनं तो ओघळतो, आणि दोन्हींचा हिशेब एकच. या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत रंग टाकणं म्हणजे कारागिराचं कसब. तेवढ्यासाठी गन पत्र्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, पत्र्याला काटकोनात, एकाच वेगानं न्यायची; मनगट वळवून कमान काढायची नाही; आधीच्या पट्ट्यावर निम्मा पट्टा चढवत जायचं. नजर गनवर नसते, मागे राहिलेल्या ओल्या कडेवर असते. तिथल्या प्रतिबिंबात दाणे विरून एकसंध चमक येते का, ते बघायचं. आली की पुढे. न थांबता, घाई न करता. बॉनेट सुटं काढून आडवं ठेवलं तर ओघळायची भीतीच उरत नाही, म्हणून नवख्यानं सुरुवात तिथून करावी.

थिनर हे या दहा मिनिटांचं घड्याळ. लवकर उडणारं आणि सावकाश उडणारं असं ते वेगवेगळं मिळतं. नागपुरात मे महिन्यात लवकर उडणारं घेतलं तर रंग हवेतच वाळेल आणि पत्र्यावर भुकटी बसेल. रत्नागिरीत जुलैमध्ये दुसरंच संकट. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, दमट हवेतलं पाणी त्या थंड थरावर दवासारखं उतरतं आणि नायट्रोसेल्युलोजचा रंग पांढुरका पडतो. कंप्रेसरच्या टाकीतही हेच पाणी साठतं, म्हणून नळीत पाणी धरणारी बाटली बसवतात. महाराष्ट्रात पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या कामाला उत्तम.

आता भट्टीचा प्रश्न. ड्यूको नुसता वाळतो. त्याच्यावर वर्षानंतर थिनरचा बोळा फिरवला तरी तो पुन्हा विरघळतो. आजचा पारदर्शक थर, ज्याला गॅरेजमध्ये ‘टू-के क्लिअर’ म्हणतात, वेगळा आहे. तो दोन डब्यांत येतो. एकात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर म्हणजे आयसोसायनेट. एकत्र केले की हार्डनरचे रेणू रेझिनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या-उभ्या बांधू लागतात. भट्टी लागत नाही, नुसत्या खोलीच्या तापमानाला हे होत राहतं. स्पर्शाला तो काही तासांत कोरडा लागतो, आतली बांधणी दिवसेंदिवस चालू असते. ती पूर्ण झाली की बॉनेटवरचा सगळा थर तत्त्वतः एकच सलग रेणू झालेला असतो. मीटरभर रुंदीचा एक रेणू! त्याला आता कुठलंही थिनर विरघळवू शकत नाही. जर्मनीत लेव्हरकुसेन इथे ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३७ मध्ये शोधलेल्या पॉलियुरेथेनचं हे रूप. सोफ्यातला फोमही त्याच कुळातला. फोम बनवताना आयसोसायनेटला मुद्दाम पाणी देतात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि बुडबुडे होतात. रंगात नेमकं तेच नको असतं, म्हणून हार्डनरचा डबा उघडा ठेवत नाहीत.

मेटॅलिक रंगात आणखी एक नाट्य घडतं. त्या रंगात ॲल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या असतात. ओल्या थरात त्या वाटेल तशा तिरप्या पडलेल्या असतात. थिनर उडू लागतं, थर आकसत आकसत पातळ होतो आणि चकत्यांना आडवं होण्यावाचून जागा उरत नाही. सगळ्या आडव्या झाल्या की समोरून गाडी उजळ दिसते आणि बाजूनं गडद. हात जरा ओला पडला, जरा कोरडा पडला, की चकत्यांची मांडणी बदलते. कोरडा हात उजळ दिसतो, ओला गडद. एकाच डब्यातल्या रंगानं रंगवलेलं दार आणि मडगार्ड म्हणूनच वेगळ्या छटेचे दिसू शकतात. पहिल्या कामासाठी मेटॅलिक घेऊ नये. साधा पांढरा किंवा पिवळा पुष्कळ क्षमाशील असतो.

शेवटी चकाकी. पारदर्शक थरावर सरळ पडलेल्या प्रकाशातला फक्त ४ टक्के भाग वरच्यावर परावर्तित होतो. बाकीचा आत जातो आणि रंग घेऊन परततो. आपण ज्या झळाळीवर भाळतो ती एवढ्या चार टक्क्यांची. काळी गाडी सगळ्यात चमकदार वाटते, कारण आत गेलेला प्रकाश तिथून फारसा परतत नाही आणि ते चार टक्के एकटे उठून दिसतात. ऑरेंज पील घालवायला क्लिअर पक्का झाल्यावर १५००, २०००, ३००० नंबरचा वॉटरपेपर क्रमानं फिरवतात. चमकता पृष्ठभाग दुधी होतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याचा जीव खाली-वर होतो. पण तो खराब झालेला नसतो. त्यावर आता काही मायक्रॉनचे ओरखडे असतात आणि दृश्य प्रकाशाची लांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन, म्हणून प्रकाश त्यांत विखुरतो. पॉलिश आणि बफ ते ओरखडे आणखी बारीक करत नेतात. ते प्रकाशाच्या लांबीपेक्षा लहान झाले की प्रकाशाला ते जाणवेनासे होतात, आणि फडकं फिरवता फिरवता झाडाचं प्रतिबिंब पानांसकट उमटतं.

आता जे सांगतो ते कृपा करून हलक्यानं घेऊ नका. टू-के क्लिअरच्या फवाऱ्यातलं आयसोसायनेट दम्याचं एक ठळक कारण आहे. त्याला सावध करणारा वास नसतो. एकदा शरीरानं त्याची धास्ती घेतली की पुढे अत्यल्प अंशानंही दमा उसळतो आणि ही अवस्था बहुधा कायमची असते. धुळीचा मास्क इथे काहीच करत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीनं पुरवणारा मास्क नसेल तर क्लिअर घरी मारू नका; घासण्यापासून प्राइमरपर्यंतचं काम स्वतः करा आणि शेवटचा हात बूथ असलेल्या गॅरेजकडे सोपवा. साधा एक-डब्याचा रंग मारतानाही सेंद्रिय वाफांसाठीचा काडतूसवाला मास्क आणि डोळ्यांना चष्मा हवाच. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. त्या शेडमध्ये इन्व्हर्टर, फ्रिज, गॅसची शेगडी, देवापुढचा दिवा यांतलं काहीही नको. जुन्या पिवळ्या-केशरी रंगांत शिसं असू शकतं. ते ओलंच घासा आणि मुलांना लांब ठेवा. गाडीचा रंग आरसी बुकात नोंदलेला असतो, तो बदलायचा तर आधी आरटीओत जाऊन नोंद बदलून घ्यावी लागते. ऑलिव्ह ग्रीन मात्र कितीही आवडला तरी चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांना देता येतो.

इतकं वाचूनही हात शिवशिवत असतील तर लगेच गाडीकडे जाऊ नका. दिवाळीनंतर भंगारवाल्याकडून एखादं टाकाऊ बॉनेट आणा, ते आडवं ठेवा, एक-डब्याचा पांढरा रंग घ्या आणि त्याच बॉनेटवर घासून-पुसून पुन्हा पुन्हा रंगवा. ओली कडा ओळखू यायला लागली की मग गाडीचं दार उतरवा.